कुल, रूप आणि शील

सोयरीक जुळविताना वडीलधाऱ्या मंडळींनी तीन गोष्टींची चौकशी करावी, असा परिपाठ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: कुल कोणते, रूप कसे आणि शील काय. ही चौकशी आता माणसांपुरती राहिलेली नाही. इंदुरासारख्या शहरात आज मांजराचे पिल्लूदेखील ह्याच तीन कसोट्यांवर पारखून घेतले जाते. रामबागेच्या जुन्या वाड्यांपासून नव्या वसाहतींपर्यंत अनेक घरांत लांब केसांची मांजरे दिसू लागली आहेत. ती विकणारे लोक उगम, रूप व स्वभाव अशा तीन सदरांखाली त्यांचे वर्णन करतात, आणि पिल्लाबरोबर वंशावळीचा कागद असल्यास त्याची किंमत वाढते. त्याच घराच्या मागील दारी एखादे पट्ट्यापट्ट्यांचे गावठी मांजर आशेने बसलेले असते. त्याला शुक शुक करून हाकलून देतात. एकाजवळ कागद आहे, दुसऱ्याजवळ नाही. एवढा भेद जिवाचे मोल ठरविण्यास पुरेसा आहे काय, ह्या प्रश्नाचा येथे विचार करावा असे आम्हांस वाटते.

आपल्या परंपरेला हा प्रश्न नवा नाही, आणि मौज अशी की, तो तेथेही एका मांजराच्याच निमित्ताने उपस्थित झाला आहे. हितोपदेशातील जरद्गव गिधाडाची कथा वाचकांस स्मरत असेल. भागीरथीच्या तीरी, गृध्रकूट पर्वतावर, एका वृक्षाच्या ढोलीत हे आंधळे व जराजर्जर गिधाड राहत असे. पक्ष्यांनी दिलेल्या घासावर त्याचा निर्वाह चाले आणि मोबदल्यात ते त्यांची पिल्ले राखी. तेथे दीर्घकर्ण नावाचा बोका आला. ज्याचे कुल व शील ठाऊक नाही त्यास थारा देऊ नये, हा इशारा आपण येताजाता उच्चारतो तो ह्याच कथेतला. परंतु त्याच कथेतील दुसरे वचन आपण सोयीस्करपणे विसरतो. गिधाडाने बोक्यास धमकावले तेव्हा बोक्याने उत्तर दिले, की केवळ जातीवरून कोणी वध्य किंवा पूज्य ठरत नाही. ज्याचे त्याचे वर्तन पाहून काय ते ठरवावे. बोलणारा लबाड होता, पण बोललेले खोटे नव्हते. पुढे बोक्याने पिल्ले खाल्ली, हाडे ढोलीत टाकून पोबारा केला, आणि पक्ष्यांनी ती हाडे पाहून निरपराध गिधाडाचाच जीव घेतला. त्याचे आजवरचे वर्तन कोणी आठवले नाही. इशारा देणाऱ्या वचनात कुल आणि शील हे दोन शब्द एकाच समासात असे बांधलेले आहेत, की जणू पहिले कळले म्हणजे दुसरे आपोआप कळावे. ही गाठ सोडवून पाहिली पाहिजे.

त्यासाठी ‘बर्मन’ नावाच्या मांजराचे उदाहरण घेऊ. ते आपल्याकडे दुर्मिळ आहे, आणि त्याची कीर्ती एका देवालयाच्या कथेवर उभी असल्यामुळे आपल्या वाचकांस त्याविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. फ्रेंच भाषेत त्याला ‘साक्रे द बिर्मानी’, म्हणजे ब्रह्मदेशाचे पवित्र मांजर, म्हणतात. आखूड केसांचे ‘बर्मीज’ मांजर निराळे. नावाच्या साम्याने घोटाळा होऊ नये. बर्मनचे केस अर्ध-दीर्घ, म्हणजे इराणी मांजराहून आखूड पण गावठी मांजराहून पुष्कळच लांब असतात. ते रेशमासारखे मऊ असून त्यांचा सहसा गुंता होत नाही. अंग सायीच्या रंगाचे, त्यावर किंचित सोनेरी झाक, मुख, कान, पाय व शेपूट गडद, डोळे निळे, आणि चारी पंजे असे शुभ्र, की हातमोजे घातल्याचा भास व्हावा. आवाज कोमल, वृत्ती सौम्य, आणि माणसाच्या मागे मागे राहण्याची आवड, असे त्याच्या स्वभावाचे वर्णन करतात.

आता त्याच्या कुलाची कथा. ब्रह्मदेशातील लाओ-त्सुन नावाच्या देवालयात नीलमण्यासारख्या नेत्रांची एक सुवर्णदेवता होती. तेथे शंभर श्वेत मांजरे राहत. मुन्-हा नावाच्या वृद्ध पुजाऱ्याचे सिंह नावाचे मांजर त्याच्याजवळ बसून देवीकडे एकटक पाहत असे. एके रात्री दरोडेखोर चाल करून आले व पुजाऱ्याने देवीसमोरच प्राण सोडला. तेव्हा सिंहाने आपले पाय त्याच्या मस्तकावर ठेवले. तत्क्षणी त्याचे अंग सोनेरी झाले, डोळे निळे झाले, पाय मातीसारखे काळवंडले. मात्र जे पंजे धन्याला स्पर्श करीत होते ते पावित्र्याची खूण म्हणून शुभ्रच राहिले. सात दिवसांनी अन्नपाण्यावाचून सिंहही गेला, आणि जाताना धन्याचा आत्मा देवीपाशी घेऊन गेला.

कथा सुंदर आहे. ती ऐकताना आपल्या क्षेत्रमाहात्म्यांची आठवण होते. परंतु तिचा शोध घेऊ जाता ब्रह्मदेशात तिचे मूळ सापडत नाही. ती पसरली १९२० नंतरच्या दशकात, आणि तीही फ्रान्समध्ये. पहिल्या महायुद्धानंतर लवकरच एक जोडी समुद्रमार्गे फ्रान्सला पाठविण्यात आली, नर वाटेतच मेला व गाभण मादी तेवढी पोहोचली, असे सांगतात. ह्याला खात्रीलायक पुरावा नाही. निश्चित आहे ते एवढेच, की १९२५ साली फ्रान्सने ह्या जातीला मान्यता दिली, ब्रिटनने १९६६ साली आणि अमेरिकेतील प्रमुख मार्जारसंघाने १९६७ साली. दुसऱ्या महायुद्धात ही जात जवळजवळ नामशेष झाली. उरलेल्या मोजक्या मांजरांचा, त्यांत एका जोडीचे नाव विशेष घेतात, इतर जातींशी संकर करून ती पुन्हा उभी करण्यात आली. म्हणजे जे ‘शुद्ध’ कुल म्हणून आज विकले जाते ते शंभर वर्षांपूर्वी बांधलेले, मध्यंतरी मोडलेले आणि संकराने सावरलेले आहे.

असे नामकरण हे काही एकटे उदाहरण नव्हे. आपल्या लोकांस मुंबईचे गव्हर्नर म्हणून परिचित असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनी काबूलच्या राज्याविषयी १८१५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात लांब केसांच्या ‘बुराक’ मांजरांचा उल्लेख आहे. ही मांजरे काबूलकडून मोठ्या संख्येने परदेशी जातात, त्यांस सर्वत्र ‘इराणी’ म्हणतात, परंतु इराणात ती फारशी नाहीत आणि तेथून बहुधा बाहेर जातही नाहीत, असे ते नोंदवितात. त्याहीपूर्वी, सतराव्या शतकात, पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांचे वर्णन केले व ती पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात नेल्याचेही लिहिले. हाच प्रवासी १६२३ साली गोव्यास आला आणि पुढे इक्केरीच्या नायकांच्या दरबारापर्यंत गेला. कोंकणी घरांत ज्याला ‘माजर’ म्हणतात त्या प्राण्याची झुबकेदार शेपटीची भावंडे पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीच उतरली असली पाहिजेत. त्यांचा वंश गावठी मांजरांत केव्हाच मिसळून गेला असेल. त्याची वंशावळ कोणी ठेवली नाही.

कुलानंतर रूप. बर्मनच्या रूपाचे रहस्य देवीच्या कृपेत नसले तरी ते कमी विलक्षण नाही. अंगाचा रंग घडविणारे एक द्रव्य ह्या मांजरांत उष्णतेने निष्क्रिय होते; शरीराचा जो भाग थंड राहतो तेवढ्यातच ते काम करते. म्हणून उबदार धड फिके आणि गार पडणारे कान, मुख, पाय व शेपूट गडद. आईच्या पोटात सर्वत्र ऊबच असल्यामुळे पिल्ले जन्मतः पांढरी असतात व पुढे हळूहळू रंगतात. सयामी मांजरात हाच गुण ह्याच कारणाने आढळतो, त्यावरून दोहोंचे नातेही उघड होते. लांब केस ‘एफजीएफ-५’ ह्या जनुकातील बदलामुळे येतात, असे २००७ साली सिद्ध झाले. केसांची वाढ जेथे थांबावयाची तेथे थांबत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शुभ्र पंजे दुसऱ्या एका जनुकातील बदलाने येतात, आणि तो बदल आई व बाप ह्या दोघांकडूनही मिळावा लागतो. म्हणूनच पंजे शुभ्र राखावयाचे तर आपसांतच संबंध करीत राहावे लागते.

येथे रूपाची किंमत दिसू लागते. थोड्या पूर्वजांपासून वाढविलेल्या व दार बंद केलेल्या वंशात दोषही त्याच वाटेने फिरत राहतात. लांब केसांच्या मांजरांत सर्वांत लोकप्रिय जे इराणी, त्याचे नाक चपटे करण्याच्या हौसेपायी कित्येकांचा श्वास अडतो व डोळे सतत पाझरतात. त्याच जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक विकार इतका पसरला होता, की विसाव्या शतकाच्या अखेरीच्या पाहण्यांत सुमारे तिसरा हिस्सा मांजरांत तो आढळला. शिवाय आपल्या माळव्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. थंड प्रदेशाचे पांघरूण अंगावर घेऊन ते जनावर बंद सदनिकेत दुपार कशी काढत असेल, ह्याचा विचार वंशावळीच्या कागदावर नसतो. दर्शनसुख आपले असते. दम त्याला लागतो.

आता शील. कुलाचा अभिमान बाळगणारे लोक येथे एक भक्कम युक्तिवाद करतील, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मांजराच्या स्वभावात वंशाचा वाटा खरोखरच असतो. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली पाच हजारांहून अधिक मांजरांच्या वर्तनाची माहिती तपासली. तीत जातीजातींच्या स्वभावांत स्पष्ट अंतर आढळले, आणि ज्या तीन जातींचा अधिक बारकाईने अभ्यास झाला त्यांत वर्तनातील भेदांचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक दिसला. तेव्हा ‘शील कुलातून येते’ हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु ते अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग कोठून येतो, ह्याचेही उत्तर अभ्यासकांनी दिले आहे. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत ज्या पिल्लास माणसाचा मायेचा हात लागतो ते पुढे माणसाळते. त्या काळात ज्याच्या वाट्यास फक्त दगड व झाडू येतात ते जन्मभर बुजरे राहते. आपल्या शास्त्रकारांनी जन्माबरोबरच संस्कारांना महत्त्व दिले, त्याचे मर्म ह्या पाच आठवड्यांत पाहावयास मिळते. मागील दारचे मांजर चोरटे आहे, पंजा मारते, अशी तक्रार करणाऱ्याने त्याच्या शीलातील आपला वाटा आधी मोजावा.

आणि कुलच पाहावयाचे तर त्या मांजराचे कुल पाहा. जगातील सर्व पाळीव मांजरे पश्चिम आशियातील एकाच रानमांजरापासून उतरली, असे जनुकांच्या अभ्यासावरून २००७ साली दिसून आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक मांजर सापडले आहे. आपल्याकडे सिंधमधील चन्हुदडो येथील उत्खननात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून मांजर धावले आणि पाठोपाठ कुत्रे, त्या दोघांच्या पावलांचे ठसे चार हजार वर्षे टिकले. ह्याउलट आजच्या बहुतेक ‘कुलीन’ जाती १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या मार्जारप्रदर्शनानंतरच्या आहेत. प्राचीनतेचा मान द्यावयाचा असेल तर तो मागील दारी द्यावा लागेल.

मांजरांवरून माणसांकडे वळताना जपून पाऊल टाकावे लागते, कारण माणूस हा कोणी पैदाशीसाठी पाळलेला प्राणी नव्हे. तरीही हा विचार इंदुरात करताना महूची आठवण टाळता येत नाही. येथून वीस-पंचवीस किलोमीटरवरील ह्या छावणीच्या गावी १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आणि त्याच गावी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचा जन्म झाला. १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयी त्यांनी जे लिहिले त्यात रक्तशुद्धीच्या समर्थनाचाही समाचार घेतलेला आहे. उत्तम संततीसाठी उत्तम निवड हवी हे घटकाभर मान्य केले, तरी जात निवड करीत नाही. ती केवळ बाहेरचे दार बंद करते, आणि आतल्यांपैकी कोणी कोणाशी संबंध करावा हे सांगत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. बर्मनच्या वंशावळीस हा युक्तिवाद तंतोतंत लागू पडतो. दार बंद केल्याने वंश दुर्मिळ होतो. तो चांगला होतोच असे नाही.

मग कुलाभिमान टाकूनच द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या कुलदेवता गोमंतकात आहेत. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या काळी पूर्वजांनी श्रीमंगेश, श्रीशांतादुर्गा अशी दैवते जिवावर उदार होऊन पलीकडच्या मुलखात नेली आणि तेथे पुन्हा स्थापिली. इंदुरात राहणारे घराणेही त्या देवतेचे दर्शन, अभिषेक, वार्षिक वर्गणी हे कर्तव्य म्हणून पाळते. हा कुलाचा खरा अर्थ. ते आपणांस देणे लावते. आपली किंमत वाढवीत नाही. क्षेत्रमाहात्म्य आणि लाओ-त्सुनची कथा ह्यांतील अंतरही येथेच आहे. क्षेत्रमाहात्म्य ऐकून भाविक सेवेस लागतो; मांजराची पवित्र कथा ऐकून गिऱ्हाईक पैसे मोजते. ज्या परंपरेमुळे ऐकणाऱ्यावर कर्तव्य येते ती जपावी, आणि जी फक्त वस्तूचा भाव चढविते तिच्याविषयी सावध असावे.

ह्या दृष्टीने पाहता होळकरांच्या राज्यात आम्हांस फार थोर वारसा लाभला आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा. सासरे मल्हारराव मेंढपाळ घराण्यातून स्वपराक्रमाने वर आलेले. महेश्वरी राहून बाईंनी काशीपासून सोमनाथापर्यंत देवळे व घाट बांधले, हे सर्वांस ठाऊक आहे. जॉन माल्कम ह्यांनी मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात त्यांच्या दुसऱ्या दानधर्माचीही नोंद केली आहे. उन्हाळ्यात नांगराच्या बैलांस वाटेत थांबवून पाणी पाजण्यास त्यांची माणसे असत, आणि शेतकरी पाखरांस हुसकतात म्हणून पाखरांसाठी बाईंनी उभ्या पिकाची शेते घेतली होती. बैल कोणत्या खिल्लाराचा, पाखरू कोणत्या जातीचे, हा प्रश्न तेथे नव्हता. तहान व भूक एवढीच ओळख पुरे होती.

आजच्या इंदुरात ह्या दानधर्माची निकड वाढलेली आहे. २०१७ पासून हे शहर देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत गेले. घरोघरचा कचरा उचलला जातो, रस्त्यावरच्या कुंड्या गेल्या. ह्याचा अभिमान बाळगावा असेच हे काम आहे. परंतु त्या कुंड्यांवर जगणारे जीव आता आपल्या दाराशिवाय कोठे जाणार? आमचे म्हणणे एवढेच, की गृहस्थाच्या नित्य पंचयज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, तो दारच्या मांजरापाशी येऊन थांबू नये. मात्र नुसते दूध ओतणे म्हणजे दया नव्हे. पोटभर खाऊ घातलेली मांजरे वर्षातून दोन-तीनदा वितात, पिल्ले गाडीखाली जातात, आणि वाढलेली संख्या अहिल्याबाईंच्या त्या पाखरांवरच तुटून पडते. दीर्घकर्णाची कथा अगदीच खोटी नाही. तेव्हा पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करवून संततीस आळा घालणे हा त्या घासाचाच उत्तरार्ध होय. चार घरांनी मिळून केले तर खर्चही जड नाही.

ज्यांच्या घरी बर्मन किंवा इराणी मांजर आधीच आलेले आहे त्यांनी ते टाकून द्यावे, असे मात्र ह्यातून कोणी समजू नये. त्याने आपले कुल निवडलेले नाही, केस मागितलेले नाहीत आणि देवळाची कथाही रचलेली नाही. ते सर्व माणसांनी केले. म्हणून माणसांचे त्याला देणे अधिक. त्याला उन्हाळ्यात गारवा द्यावा, केस विंचरावेत, श्वासाकडे लक्ष ठेवावे, आणि हौसेसाठी त्याच्यापासून आणखी पिल्ले काढू नयेत. कागद मिळाला की जबाबदारी संपली असे न मानता ती तेथून सुरू झाली असे मानावे.

पूजेच्या संकल्पात गुरुजी गोत्र विचारतात. ज्याला आपले गोत्र ठाऊक नसते त्याला माघारी पाठवीत नाहीत. काश्यप गोत्र म्हणावे, असे सांगतात आणि पूजा पुढे चालू होते. पुराणांत कश्यप हा देव-दानवांचाच नव्हे, तर पशुपक्ष्यांचाही पिता मानला आहे. आपल्या पूर्वजांनी अज्ञातकुल माणसासाठी हे दार उघडे ठेवले, आणि त्या दाराने आत येणारांत पशुपक्षीही आहेत. मागील दारचे पट्टेरी मांजर आणि निळ्या डोळ्यांचे बर्मन ह्यांचे गोत्र कोणी विचारलेच, तर दोघांच्याही वतीने एकच उत्तर देता येईल, आणि ते आपल्यापैकी पुष्कळांच्या गोत्राशी जुळेल.